नॅशव्हिल १९६०: लंच काउंटरवर बसण्याआधीची तयारी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नागरी हक्क चळवळीचा विषय निघाला की गाडी माँटगोमेरी, बर्मिंगहॅम आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापुढे सहसा जात नाही. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये किंग २० एप्रिल १९६० रोजी बोलायला आले, तोवर तिथल्या लंच काउंटरांची, म्हणजे दुकानांतल्या फक्त गोऱ्यांनाच बसून खाऊ देणाऱ्या काउंटरांची, निम्मी लढाई लढून झाली होती. ‘मी प्रेरणा द्यायला नाही, घ्यायला आलोय,’ अशा अर्थाचं ते फिस्क विद्यापीठातल्या सभेत बोलले, ते उगाच नाही.

या लढाईचा पाया घातला पाद्री केली मिलर स्मिथ यांनी. कॅपिटल हिलच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे ते १९५१ पासून धर्मगुरू होते. जानेवारी १९५८ मध्ये त्यांनी ‘नॅशव्हिल ख्रिश्चन लीडरशिप कौन्सिल’ उभी केली. कोर्टाची बाजू झेड. अलेक्झांडर लूबी सांभाळत. मूळचे अँटिग्वाचे हे वकील १९५१ मध्ये नगर परिषदेवर निवडून आले होते आणि १९५५ पासून शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला चालवत होते. त्या खटल्यामुळे सप्टेंबर १९५७ मध्ये मोजकी कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळांत पहिलीच्या वर्गात बसली आणि त्याच रात्री हॅटी कॉटन शाळेत डायनामाइटचा स्फोट झाला. नुसत्या निकालांनी शहर बदलत नाही, हे तेव्हाच कळून चुकलं.

तिसरा माणूस थेट नागपूरहून आलेला. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारून तुरुंगात गेलेले जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ हिस्लॉप कॉलेजात होते. मुलांचे खेळ घ्यायचे आणि गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रातच वाचली. परतल्यावर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत आले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकता शिकता त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या.

१९५९ च्या शरदात दर मंगळवारी संध्याकाळी क्लार्क मेमोरिअल मेथडिस्ट चर्चमध्ये डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट असे विद्यार्थी जमत. निम्मे काउंटरवर बसल्याचं सोंग घेत, उरलेले गुंड होत: शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. जमिनीवर पडल्यावर अंग मुडपून डोकं आणि पोट कसं वाचवायचं, एकावर मार एकवटला तर दुसऱ्याने मध्ये अंग कसं घालायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जाई. ज्याला रागावर ताबा ठेवता येईल अशी खात्री नसे, त्याला दुसरं काम. कारण उघड होतं: एकाने जरी उलटा हात उचलला, तरी ‘दंगल’ म्हणायला पोलीस मोकळे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हार्वीज आणि केन-स्लोन या दोन दुकानांत चाचणी झाली. आधी किरकोळ खरेदी, मग खायला मागायचं, नकार मिळाला की व्यवस्थापकाला शांतपणे कारण विचारायचं आणि निघायचं. त्यामुळे १३ फेब्रुवारी १९६० ला १२४ विद्यार्थी बर्फातून चालत वूलवर्थ, क्रेस आणि मॅक्लेलन या दुकानांत शिरले, तेव्हा काय होईल याचा अंदाज आधीच होता.

२७ फेब्रुवारीला मात्र मार पडला. त्यासाठी लुईस आणि लाफायेट यांनी नियमांची चिठ्ठी चक्रमुद्रित करून वाटली होती: उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, पुढाऱ्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका, दाराची वाट अडवू नका. पोलिसांनी ८१ जणांना पकडलं, मारणारे मोकळे. पण एक तुकडी उचलली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी येऊन बसे. कोर्टाने ५० डॉलर दंड ठोठावला. तो भरणं म्हणजे अन्यायाला हातभार लावणं, असं सांगून नॅश आणि इतरांनी तुरुंग पत्करला. मार्चच्या सुरुवातीला व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं.

माझ्या मते खरा दणका दिला तो कृष्णवर्णीयांनी या दुकानांवर घातलेल्या बहिष्काराने. शहरातल्या कृष्णवर्णीयांची वर्षाची खरेदी सुमारे ५ कोटी डॉलरची, असा अंदाज फिस्कचे अर्थतज्ज्ञ व्हिवियन हेंडरसन यांनी मांडला होता. ईस्टरची कपडेखरेदी थांबली, गडबडीच्या भीतीने गोरं गिऱ्हाईकही फिरकेना आणि व्यापारी ऐन हंगामात कात्रीत सापडले. काउंटरचा एक भाग गोऱ्यांसाठी राखीव आणि दुसरा सर्वांना खुला, ही तडजोड विद्यार्थ्यांनी एप्रिलच्या सुरुवातीलाच धुडकावली होती.

१९ एप्रिलच्या पहाटे लूबींच्या घरावर डायनामाइट पडलं. पतीपत्नी बचावले, पण समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या १४० हून जास्त खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने नगरभवनावर चालून गेले. नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना पदाआडून नव्हे, माणूस म्हणून उत्तर द्यायला लावलं आणि काउंटर सर्वांना खुले व्हावेत हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. १० मे ला सहा दुकानांनी काउंटर उघडले. तेही ठरवून: दुकानदारांना आधी कळवलेल्या दिवशी, छोट्या गटांनी, बातमीचा गाजावाजा न करता.

हॉटेलं, कॅफेटेरिया आणि चित्रपटगृहं याने उघडली नाहीत. त्यांच्यासाठी पुढची काही वर्षं निदर्शनं चालूच राहिली. मे १९६१ मध्ये ‘फ्रीडम राइड’ (बसमधला वर्णभेद मोडायला काळ्या-गोऱ्यांनी मिळून केलेला बसप्रवास) मारहाणीमुळे अडली, तेव्हा ती पुढे नेण्यासाठी नॅश यांनी याच विद्यार्थ्यांतून दहा जणांची तुकडी १७ मे ला बर्मिंगहॅमच्या बसमध्ये बसवली.