राष्ट्रपती भवन : राहते घर म्हणून

भारताच्या राष्ट्रपतींचे नवी दिल्लीतील निवासस्थान. रायसिना टेकडीवरील ही वास्तू ब्रिटिश व्हाइसरॉयसाठी बांधली गेली आणि १९२९ मध्ये पूर्ण झाली. वास्तुविशारद एडविन लुट्येन्स. खोल्या ३४०. घुमट, स्तंभ आणि दरबार हॉल यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या नोंदीत मुख्यतः तिथे नांदलेल्या माणसांचा विचार केला आहे, कारण साम्राज्याचा दरारा बसावा म्हणून उभारलेला हा वाडा त्यांनी आपापल्या परीने घरासारखा वापरला आणि तो इतिहास सहसा मागेच राहतो.

राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा पंचम जॉर्जने १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात केली. त्यानंतर जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या, त्यात रायसिना आणि मालचा या गावांची शेते होती. गावकरी उठले. मालचातील काही कुटुंबे आजच्या हरियाणातील सोनीपतजवळ जाऊन वसली. त्यांच्या वस्तीला अजूनही मालचापट्टी म्हणतात. टेकडीने गावाचे नाव ठेवले, गाव मात्र उरले नाही. या वास्तूची हकिकत सांगताना सुरुवात इथूनच करायला हवी.

लुट्येन्स आणि सचिवालयाच्या इमारतींचा वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांचे बिनसले ते टेकडीच्या चढावरून. आजही विजय चौकात उभे राहून वर पाहावे. लांबून डौलदार दिसणारी इमारत चढाआड जाते आणि घुमटाचा तेवढा वरचा भाग दिसत राहतो. रस्त्याचा उतार बदलून घेण्यासाठी लुट्येन्स कित्येक वर्षे झगडला, पण त्याचे कोणी ऐकले नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाने दरबार हॉलमध्ये शपथ घेतली. त्यात महाराष्ट्रातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि काकासाहेब गाडगीळ होते.

या घराचे वळण खरे बदलले ते चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजींनी. जून १९४८ मध्ये ते गव्हर्नर जनरल म्हणून आले. व्हाइसरॉयचे प्रशस्त दालन त्यांना नको होते. त्यांनी बिऱ्हाड मांडले ते बाजूच्या मोजक्या खोल्यांत. पुढच्या राष्ट्रपतींनीही तोच पायंडा पाळला. त्यामुळे तो भाग राष्ट्रपतींच्या कुटुंबाचा झाला आणि व्हाइसरॉयची दालने परदेशी पाहुण्यांकडे गेली. देशात धान्याची टंचाई होती, तेव्हा राजाजींनी आवारातल्या जमिनीत गहू पेरला. सत्तांतराचा अर्थ इतक्या साधेपणाने समजावून देणारी दुसरी कृती त्या काळात क्वचितच सापडेल.

२६ जानेवारी १९५० रोजी सकाळी १० वाजून २४ मिनिटांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. संविधानाने ठरवलेले वेतन दहा हजार रुपये होते, त्यातला मोठा भाग त्यांनी आपणहून सोडला. आवारातली बाग लोकांसाठी खुली झाली तीही त्यांच्याच काळात. त्यांची विधवा बहीण भगवतीदेवी त्यांच्यासोबत भवनात राहत असे. तिने त्यांना आईच्या मायेने सांभाळले होते. २५ जानेवारी १९६० च्या रात्री ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रजासत्ताक दिनाचे संचलन होते. राष्ट्रपतींनी मानवंदना स्वीकारली, समारंभ पुरा होऊ दिला आणि त्यानंतरच बहिणीच्या अंत्यसंस्काराला गेले. घरात मृतदेह आणि बाहेर बँड, असा तो दिवस होता. भवनाच्या इतिहासात याहून हेलावणारा प्रसंग नसावा.

१९६९ चा उन्हाळा भवनाने कसा काढला, हेही नोंदवण्याजोगे आहे. ३ मे रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे भवनातच हृदयविकाराने निधन झाले. पदावर असताना दिवंगत झालेले ते पहिले राष्ट्रपती. गुलाबांचे त्यांना विलक्षण वेड होते. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कारभार हाती घेतला. १९ जुलै रोजी त्यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली आणि लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही. अशा वेळी सरन्यायाधीशाने काम पाहावे, असा कायदा त्याच वर्षी झालेला होता. त्यानुसार न्या. महंमद हिदायतुल्ला यांनी सूत्रे घेतली.

हिदायतुल्ला नागपूरचे जुने परिचित. मॉरिस कॉलेजात ते शिकले, नागपुरातच वकिली केली, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्या पस्तीस दिवसांच्या कारकिर्दीत अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला आले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकालाही त्यांनीच संमती दिली. पुढे त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले, तेव्हा सरन्यायाधीश असूनही ते त्या खंडपीठावर बसले नाहीत. न्या. जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखालील अकरा न्यायाधीशांनी फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरवला. गिरी निवडून आले, पण त्यांच्या निवडीलाही आव्हान दिले गेले आणि पदावर असताना सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांनी जातीने साक्ष दिली.

१९९८ च्या लोकसभा निवडणुकीत के. आर. नारायणन यांनी रांगेत उभे राहून मत दिले. तोपर्यंतचे राष्ट्रपती सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करत नसत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे २००६ मध्ये गावाहून नातेवाईक राहायला आले, तेव्हा त्यांचा सुमारे साडेतीन लाखांचा खर्च कलामांनी स्वतः भरला. हे त्यांच्या सचिवांनी लिहून ठेवले आहे. २५ जुलै २००७ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून इथे राहायला आल्या.

राष्ट्रपतींच्या बग्गीची कथा वेगळी. फाळणीत अंगरक्षक दलाचीही वाटणी झाली. सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी मात्र एकच होती आणि ती दोन्ही देशांना हवी होती. तेव्हा भारताकडून ठाकूर गोविंदसिंह आणि पाकिस्तानकडून साहबजादा याकूब खान या अधिकाऱ्यांनी छापा-काटा केला आणि बग्गी भारताला मिळाली, असे सांगतात. राजेंद्र प्रसाद २६ जानेवारी १९५० च्या दुपारी सहा घोड्यांच्या बग्गीतून संचलनाला गेले होते. १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाल्यावर सुरक्षेसाठी बग्गीची जागा बंद मोटारीने घेतली. प्रणव मुखर्जी यांनी २०१४ मध्ये बीटिंग रिट्रीटच्या, म्हणजे प्रजासत्ताक दिन सोहळ्याच्या सांगतेच्या समारंभासाठी ती पुन्हा बाहेर काढली. २६ जानेवारी २०२४ रोजी द्रौपदी मुर्मू आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ बग्गीतूनच कर्तव्यपथावर आले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला बग्गी येण्याची ही चाळीस वर्षांतली पहिली वेळ होती.