कोंबडीची धाप: उन्हाची की आजाराची?

एप्रिल लागला की सोलापुरात भर दुपारी परसातली एकूण एक कोंबडी चोच उघडून धापा टाकते. पारा 42 च्या पुढे गेल्यावर दुसरं काय होणार? पण मानमोडी म्हणजे राणीखेत, सर्दी किंवा मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा चिवट श्वसनरोग, यांतही कोंबडी चोच उघडूनच श्वास घेते. मग 'ऊन लागलंय' म्हणत आजारी कोंबडी तशीच बाकीच्यांत राहते आणि सगळ्यांना रोग देते. नाहीतर नुसत्या उन्हानं बेजार झालेल्या कोंबड्यांच्या पाण्यात अँटिबायोटिकची पूड पडते. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. हवाही तेवढीच तापली की तुऱ्यातून आणि कातडीतून उष्णता बाहेर जाईनाशी होते. मग घशातल्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड ठेवणं एवढाच उपाय तिच्याकडे उरतो. म्हणून उन्हाची धाप भरभर, उथळ आणि जवळजवळ बिनआवाजी असते. जवळ बसून पाहा, चोचीखालची गळ्याची कातडी थरथरताना दिसते. पंख अंगापासून सुटे धरलेले असतात, वारा लागावा म्हणून. डोळे मात्र टक्क उघडे आणि लक्ष तुमच्याकडे. पाण्याचं भांडं हलवलं की ती उठून येते.

आजाराची धाप याहून जड. श्वास आत घेताना कोंबडी मान वर ताणते, छाती आणि शेपूट हलते, घशात घरघर किंवा खुरखुर वाजते. मधेच ती शिंकते, डोकं झटकते. नाकपुडी जरूर पाहा. ओलसर नाकाला धूळ आणि भुसा चिकटून कडेला काळपट खपली धरलेली असते. डोळ्यात फेस किंवा चेहऱ्यावर सूज दिसली तर शंकेला जागाच नाही. पंख इथेही खाली दिसतात, पण ते धरलेले नसतात, गळालेले असतात. पिसं फुगवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात पेंगते.

तरी माझं म्हणणं असं की दुपारी निकाल लावूच नये. दुपारच्या उन्हात आजारी आणि निरोगी दोन्ही कोंबड्या सारख्याच दिसतात. रात्री दहालाही घाई नको, कारण आपल्याकडे पत्रा आणि शहाबादी फरशी तोवर गरम असते, खुराड्यात उकडतंच. खरी वेळ पहाटेची, उजाडायच्या आधी. खुराडं न उघडता बाहेर उभं राहून नुसतं ऐकायचं. त्या वेळी निरोगी कोंबडी धापत नाही. घरघर ऐकू आली तर ती उन्हाची नव्हे. उन्हाचा त्रास सगळ्यांना एकदम होतो आणि पहाटेपर्यंत उतरतो. आजार एकीपासून सुरू होऊन दुसरी-तिसरीकडे सरकतो.

विष्ठा आणि अंडी यांवर मात्र बेतानं विसंबावं. उन्हाळ्यात पाणी जास्त पोटात गेल्यानं विष्ठा पातळ होतेच. हिरवीगार पातळ विष्ठा, वाकडी मान, लुळा पाय किंवा पंख दिसला तर मानमोडीचा संशय घ्यावा. धापेत कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, त्यामुळे कवच नीट बनत नाही आणि अंडी पातळ कवचाची येतात. पण श्वसनाच्या काही रोगांतही अंडी अशीच बिघडतात.

उन्हाचा त्रास असेल तर खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच द्यावं, कारण पचनानंही अंग तापतं. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवून दुपारी बदलावं. खुराड्याच्या उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट लावावं, पण वारा अडवू नये. कोंबडी आडवीच पडली तर तिचे पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवावं, डोकं वर धरून. बर्फाचं पाणी नको. गिरिराज, वनराज अशा जड अंगाच्या कोंबड्यांकडे गावरानपेक्षा जास्त लक्ष द्यावं.

आजार वाटला तर आधी ती कोंबडी वेगळी डालावी, तिचं पाण्याचं भांडंही वेगळं. तिला चारा-पाणी सगळ्यांत शेवटी द्यावं, नंतर हात धुवावेत. मग पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करावा. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे: पिल्लं 5 ते 7 दिवसांची असताना लासोटा, पुढे साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी. लस निरोगी पक्ष्यांनाच आणि सकाळच्या गारव्यात द्यावी. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या, तुरे निळे पडले, तर मेलेली कोंबडी कापू नये, विकू नये, उकिरड्यावरही फेकू नये. त्याच दिवशी दवाखान्यात कळवावं.