खोकडाची उडी आणि उत्तर दिशा

दिवाळीत मामांकडे मुक्काम होता. रात्री अंथरुणावर आडवा झालो, तर मामा दारातूनच म्हणाले, "अरे, उत्तरेला डोकं करून झोपू नकोस. उशी फिरव." मी उठून बसलो तशी त्यांनी पुस्ती जोडली, "तुला पटायचं नाही, पण आता परदेशातच सिद्ध झालंय. कोल्हासुद्धा उत्तर दिशा बघून शिकार करतो. मग माणसावर चुंबकाचा परिणाम होणार नाही का?"

मामांच्या शब्दाखातर उशी फिरवली, पण झोप काही लागेना. ते संशोधन मी वाचलेलं होतं. ते इतकं देखणं आहे की त्याचा असा वापर झालेला मला बघवत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. मामा ज्याला कोल्हा म्हणाले तो आपला कोल्हा नव्हेच. उसाच्या फडात राहणारा, रात्री कोल्हेकुई करणारा आपला कोल्हा म्हणजे जॅकल, लांडग्या-कुत्र्याच्या जवळचा. फॉक्स म्हणजे खोकड. आपल्या माळरानावर दिसतं ते छोटं, राखाडी अंगाचं आणि शेपटीचं टोक काळं असलेलं. संशोधन झालं ते त्याच्या थोरल्या भावंडावर, तांबड्या खोकडावर. युरोप, उत्तर अमेरिका, आशियाचा बराच भाग आणि उत्तर आफ्रिका एवढा त्याचा पसारा आहे. भारतात ते लडाखपासून सिक्कीमपर्यंतच्या हिमालयात आहे, आणि त्याचं वाळवंटी रूप राजस्थानात आणि कच्छमध्ये. महाराष्ट्रात नाही. द्राक्षं आंबट म्हणणारा मूळ ग्रीक गोष्टीतला प्राणीही खोकडच. मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला.

हे तांबडं खोकड मी एकदाच नीट पाहिलंय, हिमाचलातल्या किब्बेरला, फेब्रुवारीत. गावाखालच्या उतारावर बर्फ होतं आणि ते त्यात उभं होतं. कान पुढे, मान खाली. एकदा डोकं डावीकडे कललं, मग उजवीकडे. पुढचा एक पाय उचललेला, तो तसाच हवेत. मग दोन पावलं पुढे, पुन्हा स्तब्ध. आणि अचानक ते स्प्रिंगसारखं वर उसळलं, हवेत कमान केली आणि नाक खाली करून बर्फात घुसलं. खांद्यापर्यंत आत, शेपटी सरळ आभाळाकडे. बाहेर आलं तेव्हा तोंडाला नुसतं बर्फ लागलेलं होतं. चौथ्या उडीला मात्र दातांत काहीतरी काळपट लोंबत होतं.

बर्फाखाली, जमिनीला लागून, एक पोकळी तयार होते. वरची हवा उणे वीस असली तरी तिथलं तापमान शून्याच्या जवळपास राहतं. आखूड शेपटीचे रानउंदीर तिथे बोगदे करून हिवाळा काढतात. ते खोकडाला दिसत नाहीत. त्याला ऐकू येते ती फक्त त्यांची खुडबुड.

ऐकण्यात मात्र ते पटाईत. २०१५ साली झालेल्या चाचण्यांत तांबड्या खोकडाला सुमारे ५० पासून ४८,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात असं दिसलं. आपली वरची हद्द २०,००० ची. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखणं तसं सोपं असतं. दोन कानांत साधारण १० सेंटिमीटर अंतर धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. म्हणजे बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानात सेकंदाच्या ३,४०० व्या भागाइतका उशिरा पोचतो, आणि मेंदूला एवढा फरक पुरतो.

खरी अडचण अंतराची आहे, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं. वहीचा कागद घेऊन काढून बघा. खोकडाचं डोकं जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच आणि उंदीर २ मीटर दूर. डोक्यापासून उंदरापर्यंतची रेषा आडव्या पातळीशी साधारण ११.३ अंशांचा कोन करते. आता हा कोन ओळखण्यात फक्त २ अंशांची चूक होऊ द्या. ११.३ ऐवजी ९.३ वाटला, तर उंदीर २ मीटर ४४ सेंटिमीटरवर आहे असं वाटेल. १३.३ वाटला, तर १ मीटर ६९ वर. म्हणजे पाऊण मीटरचा गोंधळ, आणि उंदीर जेमतेम बोटाएवढा लांब. उडी एकदा मारली की हवेत वळता येत नाही. खाली आदळल्यावर उंदीर दुसऱ्या झटक्याची वाट बघत बसत नाही.

चेक प्राणिशास्त्रज्ञ यारोस्लाव चेर्वेनी, हिनेक बुर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या उड्यांचा हिशोब प्रसिद्ध केला. रानात ८४ खोकडांच्या ५९२ उड्या पाहिल्या आणि प्रत्येक उडीची दिशा टिपली. उंच गवतात किंवा बर्फात, म्हणजे भक्ष्य दिसत नसताना, उत्तरेपासून साधारण २० अंश पूर्वेकडे कललेल्या दिशेला मारलेल्या उड्यांपैकी ७३ टक्के यशस्वी झाल्या. बरोबर उलट दिशेला ६० टक्के. बाकी सगळ्या दिशांना मिळून १८ टक्के. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

वारा, ऊन, दिवसाची वेळ यांनी हे नीट उलगडत नाही, म्हणून त्यांनी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राकडे बोट दाखवलं. त्यांची कल्पना अशी. ट्रेकला डोक्याला बॅटरी बांधतो, तिचा झोत ठरावीक कोनात खाली वळवून ठेवला तर उजेडाचा गोल नेहमी पायापासून तेवढ्याच अंतरावर पडतो. आपण चालत राहायचं, आणि गोल हव्या त्या दगडावर पडला की समजायचं, दगड आता बरोबर दोन मीटरवर आहे. फक्त आपली मान हलली की झोतही हलतो. खोकडाला असा झोत हवा जो मानेबरोबर ढळणार नाही. चुंबकरेषा तशा असतात. त्या जमिनीला समांतर नसतात, तिरप्या जमिनीत शिरतात. मोकळी टांगलेली चुंबकसुई म्हणूनच आडवी न राहता झुकते. या झुकावाला नती म्हणतात. अलिबागला ती २६ अंशांच्या आसपास आहे, चेक प्रदेशात ६६ च्या आसपास.   एका जागी हा झुकाव कायम राहतो. खोकडाला तो कसाबसा जाणवत असेल, तर उत्तरेकडे तोंड करून हळूहळू पुढे सरकायचं, आवाजाची दिशा त्या पक्क्या खुणेशी जुळली की थांबायचं, आणि रोजची, अंगवळणी पडलेली उडी मारायची. अंतर मोजायचं नाही. अंतर ठरलेलं, आपणच त्या अंतरावर जाऊन उभं राहायचं.

जाणवणार कसं, हा भाग थोडा अवघड आहे, पण सोडू नका. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्ला, फार दुबळं. रेणू उष्णतेने सतत थरथरत असतात. त्या थरथरीची ऊर्जा या क्षेत्राच्या एका इलेक्ट्रॉनवरच्या प्रभावापेक्षा सुमारे ९० लाख पट जास्त. एवढ्या कल्लोळात ही कुजबुज ऐकू कशी यावी? पक्ष्यांना दिशा कशी कळते याचा विचार करताना भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये एक वाट सुचवली. काही रेणूंवर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन उडी मारून शेजारी जातो आणि दोन एकटे पडलेले इलेक्ट्रॉन तयार होतात. प्रत्येकाला स्पिन असतो, म्हणजे तो जणू एक इवलासा चुंबक असतो. दोघांचे स्पिन एकमेकांच्या उलट आहेत की एकाच दिशेचे, यावर पुढची रासायनिक क्रिया कुठे वळेल हे ठरतं. या दोन अवस्थांमध्ये जोडी सेकंदाच्या दशलक्षांश भागात मागेपुढे झुलत असते. चुंबकक्षेत्राला इथे काही ढकलायचं नसतं, झुलण्याची लय किंचित बदलायची असते. उष्णतेची थरथर या झुलण्याच्या फारशी आड येत नाही. म्हणून कुजबुज टिकते. रेणू क्षेत्राच्या तुलनेत कसा वळलाय त्यानुसार क्रियेचं प्रमाण बदलतं. हे रेणू डोळ्याच्या पडद्यावर पसरलेले असतील, तर दिसणाऱ्या दृश्यावरच एक फिकट सावलीसारखी खूण उमटू शकेल.

असा एक उमेदवार रेणू म्हणजे क्रिप्टोक्रोम, निळा प्रकाश शोषणारं एक प्रथिन. २०१६ मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांना अनेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत शोध घेताना कुत्रा, लांडगा आणि खोकड यांच्या निळा रंग टिपणाऱ्या शंकूपेशींमध्ये क्रिप्टोक्रोम-१ सापडलं. मांजराच्या डोळ्यात सापडलं नाही.

इतकं जुळून आलं तरी "सिद्ध झालंय" हा मामांचा शब्द मला मान्य नाही. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. खोकडाभोवती वीज सोडलेल्या तारांची वेटोळी ठेवून चुंबकी उत्तर दिशाच फिरवावी आणि उड्या फिरतात का बघावं, तेव्हा खरी कसोटी. उत्तरेपासून नेमके २० अंशच का, याचं समाधानकारक उत्तर या कल्पनेत नाही. याच संशोधकांनी २००८ मध्ये उपग्रहचित्रांवरून गाई उत्तर-दक्षिण उभ्या राहतात असं मांडलं होतं, पण दुसऱ्या गटाने चित्रं तपासली तेव्हा त्यांना तसं दिसलं नाही. विज्ञानात असंच चालतं, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास आहे.

आता मामांची उशी. रक्तात लोह आहे आणि ते उत्तरेकडे ओढलं जातं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. पॉलिंग आणि कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९३६ मध्ये मोजून दाखवलंय. एमआरआयचं नेहमीचं यंत्र १.५ टेस्लाचं असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या ३०,००० पट. त्यात अर्धा तास झोपून माणूस चालत घरी येतो. खोकडाला दिशा कळत असेल तर ती कदाचित डोळ्यातल्या एका नाजूक रेणूमुळे, आणि त्याचा उपयोग उंदीर पकडायला. यातून माणसाच्या झोपेबद्दल काहीच निघत नाही. चुंबकाच्या गाद्या आणि कडी विकणारे याच गैरसमजावर हजारो रुपये काढतात, आणि ते बहुतेक वेळा गुडघेदुखीने टेकीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे असतात. याचा मला राग येतो.

उडीच्या शेवटाचंही थोडं सांगतो. एक मीटरच्या आतबाहेर उंचीवरून नाक खाली करून पडताना वेग सेकंदाला ४ मीटरपर्यंत जातो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या एका गटाने २०२४ मध्ये कवट्यांच्या त्रिमितीय प्रतिकृती बर्फात टाकून बघितल्या. खोकडाचं निमुळतं तोंड बर्फ बाजूला सारत आत जातं, त्यामुळे दणका कमी बसतो.

मला सर्वांत उत्सुकता आहे ती ऑस्ट्रेलियाची. तिथे तांबडं खोकड एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी इंग्रजांनी नेऊन सोडलं. दक्षिण गोलार्धात चुंबकरेषांचा तिरपेपणा उलटा असतो. उत्तरेकडे तोंड केलं तर त्या समोर वर चढत जातात, दक्षिणेकडे केलं तर खाली उतरतात. कल्पना बरोबर असेल, तर तिथल्या खोकडांच्या चांगल्या उड्या दक्षिणेकडे झुकायला हव्यात. आणि किब्बेरला नती पन्नाशीच्या आसपास, चेक प्रदेशापेक्षा बरीच कमी. तिथे उडीचं ठरलेलं अंतर वेगळं निघेल का?

त्या दिवशी माझ्या गळ्यात दुर्बीण होती, होकायंत्र खोलीवर राहिलं होतं. चारही उड्या कोणत्या दिशेला होत्या ते मला आज सांगता येत नाही. पुढच्या फेब्रुवारीची तिकिटं काढली आहेत. वहीत रकाने आखून ठेवलेत: वेळ, बर्फाची खोली, दिशा, सापडला की नाही. मामांनाही बरोबर चला म्हटलंय.