विंड टनेलविना घडलेली रेसिंग कार

२०१०च्या फॉर्म्युला वन हंगामात तीन नवे संघ उतरले. त्यांपैकी व्हर्जिन रेसिंगच्या व्हीआर-०१ या पहिल्यावहिल्या एकासनी गाडीकडे अभियंत्यांचे विशेष लक्ष होते, कारण तिचा बाह्याकार विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर किंवा तिच्या प्रतिकृतीवर वेगाने हवा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, न तपासता केवळ संगणकावरील गणिताने ठरवण्यात आला होता. तंत्रप्रमुख निक वर्थ यांच्या संस्थेने अमेरिकेतील शर्यतींसाठी अक्युराची स्पोर्ट्सकार याच पद्धतीने यशस्वीपणे घडवली होती. विंड टनेलचा मोठा खर्च वाचवून मर्यादित पैशांत तोच मार्ग फॉर्म्युला वनमध्ये चोखाळावा, हा विचार धाडसी असला तरी अविचारी नव्हता.

या पद्धतीत गाडीभोवतीच्या हवेचे असंख्य सूक्ष्म घनांत विभाजन करून प्रत्येक घनातील वेग आणि दाब प्रवाहाच्या समीकरणांनी काढले जातात. खरी अडचण असते ती खळबळत्या, भोवऱ्यांनी भरलेल्या प्रवाहाची. त्यातील प्रत्येक लहान भोवरा मोजणे महासंगणकालाही परवडत नसल्याने त्यांचा एकत्रित परिणाम अंदाजी सूत्रांनी मांडावा लागतो, आणि प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो तेथे ही सूत्रे हमखास डळमळतात. स्पोर्ट्सकारची चाके झाकलेली असतात. फॉर्म्युला वनची चाके मात्र उघडी असल्याने, फिरणाऱ्या आणि भाराखाली दबणाऱ्या टायरमागे उसळणारी विस्कळीत हवा गाडीच्या तळापर्यंत आणि मागच्या पंखापर्यंत पोहोचते. गाडीला रस्त्याशी दाबून धरणारे बल बऱ्याच अंशी याच भागांतून मिळत असल्यामुळे तेथील थोडी चूकही वळणावर महाग पडते. विंड टनेलही निर्दोष नसते, कारण नियमांनुसार तेथे जास्तीत जास्त ६० टक्के आकाराची प्रतिकृती सेकंदाला ५० मीटर वेगाच्या हवेतच तपासता येत असे. मात्र एका साधनाची चूक दुसऱ्याने पकडण्याची सोय त्यामुळे राहते, आणि व्हर्जिनने सोडली ती नेमकी ही सोय.

हंगामाची सुरुवात खडतर झाली. हेरेस येथील सरावात पुढचा पंखच निखळला. बहारीन आणि ऑस्ट्रेलिया येथे टिमो ग्लॉक आणि लुकास डी ग्रासी या संघाच्या दोन्ही चालकांना शर्यत पूर्ण करता आली नाही. सर्वांत गाजलेली चूक मात्र हवेशी संबंधितच नव्हती. त्या वर्षापासून शर्यतीदरम्यान इंधन भरण्यास बंदी आल्याने सुमारे ३०० किलोमीटरचे सगळे इंधन सुरुवातीलाच सोबत घ्यावे लागे, आणि व्हीआर-०१ची टाकी काही सर्किटांसाठी अपुरी ठरली. टाकी गाडीच्या मुख्य सांगाड्यात, चालक आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेली असते. त्यामुळे ती मोठी करणे म्हणजे सांगाडाच बदलणे होते, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच त्यासाठी एफआयए या नियामक संस्थेची खास परवानगी घ्यावी लागली.

वर्षअखेर संघ एकही गुण न मिळवता बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. त्याची सर्वोत्तम कामगिरी चौदावा क्रमांक होती. हा संगणकाचा पराभव मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण विंड टनेल वापरणाऱ्या लोटस या दुसऱ्या नवख्या संघालाही त्या वर्षी गुण मिळाला नव्हता आणि नव्या संघांकडे वेळ व पैसा दोन्ही तोकडे होते. पण दुसरी गाडीही याच पद्धतीने घडवल्यावर प्रगती दिसेना. २०११च्या मध्यावर संघाने वर्थ यांच्या संस्थेशी फारकत घेतली आणि मॅक्लारेन या जुन्या संघाशी तांत्रिक करार केला, ज्यात मॅक्लारेनचे विंड टनेल वापरण्याची तरतूद होती.