निकाल ठरलेल्या मतदारसंघातलं मत

२०१८ च्या मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावात विधानसभेची पोटनिवडणूक लागली आणि मतदान न होताच संपली. त्याच मार्चमध्ये पतंगराव कदम यांचं निधन झालं होतं. काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव विश्वजित कदम यांना उमेदवारी दिली, भाजपनं आपल्या उमेदवाराचा अर्ज मागे घेतला आणि निवडणूक बिनविरोध झाली. जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, की निवडणूक निर्णय अधिकारी त्याला विजयी घोषित करून मोकळा होतो. यंत्रं बूथवर जातच नाहीत, त्यामुळे ‘नोटा’चं बटणही मतदारासमोर येत नाही.

दिवंगत नेत्याच्या घरातल्या माणसाविरुद्ध उमेदवार न देण्याची आपल्याकडची रीत आहे, तिच्यात वाईट काही म्हणता येणार नाही. पण त्या पोटनिवडणुकीतून मतदारसंघाचा कल सांगणारा आकडाच हाती लागला नाही.

तो लागला पुढच्या वर्षी. २०१९ मध्ये युतीच्या वाटपात ही जागा शिवसेनेला सुटली, आणि तालुक्यात ताकद होती भाजपमधल्या देशमुख गटाची. विश्वजित कदमांना १ लाख ७१ हजारांवर मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’ आला, २० हजार ६३१ मतं घेऊन. शिवसेनेच्या उमेदवाराला दहा हजारसुद्धा गाठता आले नाहीत, अनामत गेली. ‘कदमांचा एकहाती विजय’ असे मथळे झाले आणि ते खोटे नव्हते. मात्र निकाल आधीच ठरलाय हे पक्कं ठाऊक असताना वीस हजार माणसं रांगेला उभी राहिली आणि ‘यातला कुणीच नको’ असं नोंदवून घरी गेली. त्यामागे गटाचा निरोप असेल, राग असेल, आणखी काही असेल. आकडा मात्र कागदावर आला. २०२४ मध्ये देशमुख गटाचा उमेदवार कमळावर उभा राहिला, तेव्हा कदमांचं लीड ३० हजारांच्या घरात आलं. जिंकले तेच. पण दीड लाखाच्या लीडवर निर्धास्त असलेला आमदार आणि तीस हजारांचा आमदार गावोगावी वेगवेगळा फिरतो, हे या भागातल्या कुठल्याही सरपंचाला विचारा.

आता थोडं मागं जायला हवं, कारण ‘सातारा-सांगली म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला, पहिल्यापासूनच’ हे वाक्य आपण न तपासता वापरतो.

पहिल्यापासून तसं नव्हतं. १९४३ ते १९४६ या काळात प्रति सरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं ते तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. प्रति सरकारमधली माणसं स्वातंत्र्यानंतर एका पक्षात राहिली नाहीत. कुणी काँग्रेसमध्ये गेलं, कुणी शेतकरी कामगार पक्षात, कुणी कम्युनिस्टांकडे. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ची निवडणूक झाली तेव्हा साताऱ्यानं लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटलांना पाठवलं, कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून. त्याच निवडणुकीत कराडमधून उभे होते यशवंतराव चव्हाण. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, घरचं मैदान, आणि तरी ते निवडून आले दोन हजारांपेक्षाही कमी मतांनी. पुढं १ मे १९६० ला महाराष्ट्राचा मंगल कलश ज्यांच्या हाती आला, त्यांची विधानसभेतली जागा तीन वर्षांपूर्वी कराडच्या मूठभर गावांतल्या मतांवर तरली होती. ‘आपल्या एका मतानं काय हुतंय’ म्हणून आणखी दोनेक हजार समर्थक त्या दिवशी शेतावर गेले असते तर काय झालं असतं, यावर कराडच्या जुन्या माणसांनी पुष्कळ गप्पा छाटल्या असतील.

बालेकिल्ला बांधला गेला तो त्यानंतर. साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ, शिक्षण संस्था. उसाची नोंद, पीककर्ज आणि पोराची नोकरी एकाच गटाच्या हाती आल्यावर विधानसभेचं मतही त्याच गटाच्या खात्यावर जमा होऊ लागलं. सांगली लोकसभेत १९६२ ते २००९ काँग्रेस हरलीच नाही. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये देशभर पक्ष कोसळला, तेव्हाही नाही. साताऱ्यात यशवंतराव १९६७ पासून लागोपाठ निवडून येत राहिले.

तरी याच काळात तळाशी हालचाल होती. खुद्द पतंगराव कदमांचं उदाहरण घ्या. तेव्हा या मतदारसंघाचं नाव भिलवडी-वांगी. १९८० मध्ये ते हरले, शंभराच्या आतल्या मतांनी. १९८५ मध्ये निवडून आले ते अपक्ष म्हणून. म्हणजे ज्याला आपण नंतर कदमांचा बालेकिल्ला म्हणू लागलो, त्याचं दार अपक्षानं उघडलं होतं.

आणि ते एकदा त्यांच्यावर बंदही झालं. १९९५ मध्ये अपक्ष संपतराव देशमुखांनी त्यांना हरवलं. त्या वर्षीचं गणित आजही समजून घेण्यासारखं आहे. शिवसेना ७३, भाजप ६५, बेरीज १३८. बहुमताला १४५ लागत होते. राज्यात निवडून आलेल्या ४५ अपक्षांपैकी बरेच पश्चिम महाराष्ट्रातले होते, काँग्रेसच्या बालेकिल्ल्यांतूनच काँग्रेसला डावलून आलेले. मनोहर जोशींचं सरकार अशा अपक्षांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं, आणि दुष्काळी पट्ट्यातल्या आमदारांनी त्या पाठिंब्याच्या बदल्यात पाणी मागितलं. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत न्यायच्या उपसा योजनेला मंजुरी मिळाली तीही त्याच वर्षी. पाणी प्रत्यक्ष शिवारात यायला पुढं बरीच वर्षं गेली, श्रेयाची भांडणं तर अजून मिटलेली नाहीत. पण चाळीस वर्षं ‘आपलीच’ म्हणून गृहीत धरलेली मतं हलली तेव्हाच मुंबईत या दुष्काळी टापूचं वजन वाढलं, एवढं नाकारता येत नाही.

त्याच १९९६ मध्ये सातारा लोकसभेत शिवसेनेचे हिंदुराव नाईक-निंबाळकर निवडून आले. यशवंतरावांच्या साताऱ्यात धनुष्यबाण! दोन वर्षांत काँग्रेसनं जागा परत घेतली, नंतर ती राष्ट्रवादीकडे गेली, आणि १९९६ हा अपवाद म्हणून विसरला गेला.

सांगलीत बालेकिल्ला पडला तो २०१४ मध्ये. संजयकाका पाटील भाजपकडून उभे राहिले आणि वसंतदादांचे नातू प्रतीक पाटील जवळपास २ लाख ४० हजारांनी हरले. मोदी लाट होती हे खरंच. पण २००९ मध्ये प्रतीक पाटील निवडून आले तेव्हा अपक्ष अजितराव घोरपडे यांनी त्यांना घाम फोडला होता. तो आकडा ज्यांनी नीट वाचला, त्यांना २०१४ चा एवढा धक्का बसायला नको होता. विधानसभेला इस्लामपुरातही असंच दिसतं. १९९० पासून जयंत पाटील सलग निवडून येतात. २०१९ चं ७२ हजारांचं लीड २०२४ मध्ये १३ हजारांवर आलं. आमदार तोच राहिला, म्हणून निकालात काही बदललं नाही असं म्हणणार का?

सांगलीची पुढची दोन वळणं तर गमतीची आहेत. २०१९ मध्ये काँग्रेसनं जागा मित्रपक्ष स्वाभिमानीला सोडली, प्रतीक यांचे भाऊ विशाल पाटील ‘बॅट’ या चिन्हावर लढले. संजयकाका ५ लाख ९ हजार, विशाल ३ लाख ४५ हजार आणि वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर ३ लाख. हरलेल्या दोघांची बेरीज जिंकलेल्यापेक्षा १ लाख ३६ हजारांनी जास्त! पडळकरांची ती तीन लाख मतं ‘वाया गेली’ म्हणणारे पुष्कळ होते. पण पुढं भाजपनं त्यांना विधान परिषदेवर घेतलं, त्या हिशेबात ही मतं नव्हती असं कोण म्हणेल? २०२४ मध्ये महाविकास आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, आणि एक लाखाच्या फरकानं जिंकले. दोन्ही वेळा सांगलीच्या यंत्रावर हाताचं चिन्हच नव्हतं. पक्षानं चिन्ह काढून घेतलं तरी मतदार आपलं म्हणणं मांडायला दुसरं बटण शोधतो.

साताऱ्यात तर सहा महिन्यांत वारं फिरलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये उदयनराजे राष्ट्रवादीकडून सव्वा लाखानं जिंकले. सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांनी हरले. शरद पवारांची पावसातली सभा सगळ्यांच्या लक्षात आहे. मतदान त्यानंतर तीनच दिवसांनी होतं. २०२४ मध्ये उदयनराजे परत आले, या वेळी ३२ हजार ७७१ मतांनी. समोर शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे होते, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. यंत्रावर आणखी एका अपक्षाला तुतारीसारखंच दिसणारं चिन्ह मिळालं होतं, लोक ज्याला पिपाणी म्हणू लागले. त्याला ३७ हजार ६२ मतं पडली. ती सगळी चुकून पडली असं सिद्ध करता येत नाही. फरकापेक्षा ती जास्त होती एवढं खरं.

हरणाऱ्या बाजूचं मत आणखी दोन हिशेबांत धरलं जातं, त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. पहिला अनामतीचा. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. लोकसभेला ती २५ हजार, विधानसभेला १० हजार. पैशापेक्षा तो शिक्का लागतो, आणि पुढच्या वेळी त्या गावात टेबल टाकायला कार्यकर्ता मिळत नाही. दुसरा हिशेब पक्षाच्या मान्यतेचा. राज्यस्तरीय पक्ष म्हणून मान्यता मिळवण्याच्या एका निकषात राज्यभरातली ८ टक्के वैध मतं पुरतात, आमदार एकही नसला तरी. त्यात जिंकलेल्या जागेवरचं मत आणि दीड लाखानं हरलेल्या जागेवरचं मत एकाच भावानं धरतात. मान्यता गेली की राखीव चिन्ह धोक्यात येतं.

राहिली भीतीची गोष्ट. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या बूथवरच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्र आलं आणि प्रत्येक बूथचा आकडा वेगळा बाहेर पडू लागला. निकालाच्या ‘नमुना २०’ या तक्त्यात तो छापून येतो, कुणीही वाचावा. एका बूथच्या गावात विरोधी बाजूला चाळीस मतं पडली, तर ते चाळीस जण कोण याचा अंदाज संध्याकाळपर्यंत पारावर बांधला जातो. निवडणूक आयोगानं २००८ मध्येच अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर सुचवलं होतं. ते आलं नाही, आणि माझ्या मते न येण्यात सगळ्याच पक्षांची सोय आहे. गावाचं लीड मोजल्याशिवाय निधीचा हिशेब लागत नाही. मात्र याच यादीमुळे ती चाळीस मतं पुढच्या उमेदवाराला दिसतात. तो पहिली चहाची बैठक कुठल्या वाडीवर लावायची, हे ती पाहूनच ठरवतो.

२०२४ च्या विधानसभेत सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीनं घेतल्या. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हरले, कराड उत्तरेत १९९९ पासूनचे आमदार बाळासाहेब पाटील हरले. ज्या जिल्ह्यात एकेकाळी विरोधी मत म्हणजे काँग्रेसविरोधी मत असायचं, तिथं आता काँग्रेसवाले आणि शरद पवारांचे लोक तोच प्रश्न विचारू लागलेत, जो त्यांचे विरोधक पन्नास वर्षं विचारायचे: निवडून तर तेच येणार, मग आपण जायचं कशाला? त्यांच्या आघाडीच्या आठही उमेदवारांना पडलेली मतं बूथवार नमुना २० मध्ये आहेत, आणि ती वाचायला दोन्ही बाजूंच्या गटांनी सुरुवातही केली असणार.