पिरूल संकलन

उत्तराखंडच्या डोंगरात चीर जातीच्या पाइनची गळलेली, वाळकी पाने गोळा करून विकणे म्हणजे पिरूल संकलन. हे काम वनपंचायती (गावाचे जंगल सांभाळणाऱ्या ग्रामसमित्या), महिला मंगल दले (गावातल्या महिलांच्या संघटना) आणि बचत गट करतात. त्यातून गटाच्या खात्यात पैसे जमा होतात आणि उन्हाळ्यात वणव्याला मिळणारे खाद्य तेवढे कमी होते.

राज्यात चिराखाली सुमारे ४ लाख हेक्टर वनक्षेत्र आहे. पाने सुईसारखी, तिनांच्या जुडग्यात येणारी आणि २० ते ३० सेंटिमीटर लांब असतात. पानगळीचा जोर उन्हाळ्यात असतो आणि वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो, म्हणजे इंधन पडते ते नेमके पेटण्याच्या दिवसांत. राळेमुळे पाने लवकर कुजत नाहीत. थर भुसभुशीत असल्याने त्यात हवा खेळती राहते आणि एक काडी पडली तरी आग भराभर पसरते. या थराखाली गवत उगवत नाही, गुरे आणि माणसे त्यावरून घसरतात. नवे गवत यावे म्हणून काही ठिकाणी थर मुद्दाम पेटवला जातो आणि आग हाताबाहेर जाते.

काम सुरू करण्यापूर्वी वनपंचायतीच्या सरपंचाशी किंवा वनरक्षकाशी बोलून क्षेत्र ठरवून घ्यावे. आग चढावर वेगाने धावते, म्हणून वस्तीच्या खालचा उतार आधी साफ करावा, मग रस्त्याकडेचा पट्टा आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा ठेवलेला पट्टा. वस्तीच्या वरच्या उतारावर चिराची शंकूसारखी फळे, म्हणजे शंकू, वेचणेही तितकेच गरजेचे आहे, कारण पेटलेले शंकू घरंगळत खाली येतात आणि जाळरेषा ओलांडतात. राळेसाठी खाच पाडलेल्या झाडांच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी करावी, नाहीतर खाचेतून आग खोडावर चढते.

ओढायला लांब दांड्याचे दाताळे पुरते. ते अलगद चालवून वरची तपकिरी, मोकळी पानेच घ्यायची, खालचा काळपट, कुजू लागलेला थर सोडायचा. तो खरवडला तर पहिल्याच पावसात माती वाहून जाते, शिवाय भाऱ्यात माती आणि खडे येतात. पिरूल दाबून कांडी कोळसा करणाऱ्या यंत्राचा साचा त्याने झिजतो, राखही वाढते, आणि खरेदीदार असा माल परत पाठवतो. दव वाळल्यावर, पाने वाजू लागली की ओढायला घ्यावे. ओले पिरूल वजनाला भरते, पण ढिगात बुरशी धरते. कांडी कोळशासाठी ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो.

खरी अडचण वाहतुकीची. सुटे पिरूल फार हलके आणि फुगीर असते, त्यामुळे गाडी भरते पण वजन भरत नाही. दाबून दोरीने बांधलेले भारे रस्त्यापर्यंत डोक्यावर किंवा पाठीवर आणावे लागतात. २५ किलोच्या भाऱ्याला किलोमागे ३ रुपये दराने ७५ रुपये पडतात, १० रुपये दराने २५०. चढउताराची दोन तासांची वाट असेल तर पहिल्या दरात कोणी फिरकत नाही. मे २०२४ मध्ये ‘पिरूल लाओ, पैसे पाओ’ मोहिमेत किलोमागे ५० रुपयांची घोषणा झाली. त्याआधी २ ते ३ रुपये मिळत. २०२५ मध्ये संकलनाचा दर १० रुपये होता.

वजनावर पैसे देण्याची ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे. माणसे रस्त्याजवळचे, सपाट जागेवरचे पिरूल आधी उचलतात आणि दूरचे उतार तसेच राहतात. रस्त्याकडेला विडी-सिगारेटच्या थोटकांनी आग लागत असल्याने हेही काम वाया जात नाही, पण वणव्यापासून बचाव हवा असेल तर ठरलेले क्षेत्र पूर्ण साफ केल्याबद्दल वेगळी मजुरी द्यायला हवी.

संकलन केंद्रावर वजन सगळ्यांसमोर करावे, तारीख, नाव आणि किलो वहीत त्याच वेळी लिहावे, पैसे बँक खात्यातच घ्यावेत. गटात भांडणे होतात ती बहुधा मागाहून लिहिलेल्या वहीवरून. साठा जंगलापासून आणि घरांपासून दूर, भोवती खरडून मोकळ्या केलेल्या जागेत करावा. एकच मोठी गंजी घालण्याऐवजी लहान ढीग अंतर सोडून रचावेत आणि पावसाआधी ताडपत्री टाकून उचल करावी. उचल लांबली तर जंगलातला धोका गावाच्या वेशीवर आणून ठेवल्यासारखे होते.

पिरूलचा कांडी कोळसा होतो, गोठ्यात अंथरूण म्हणूनही ते वापरतात. वायूकरण संयंत्रात पिरूलपासून जळाऊ वायू काढून त्यावर वीजही करतात. पिथोरागढ जिल्ह्यात बेरीनागजवळ ‘अवनी’ संस्थेने असा प्रयोग केला आणि राज्याने २०१८ मध्ये यासाठी धोरण आणले. मात्र वायूतल्या डांबरामुळे गाळण्या आणि इंजिन तुंबते, त्यामुळे साफसफाईला माहीतगार माणूस हाताशी असावा लागतो. पाने दरवर्षी गळतात, म्हणून हा सगळा खटाटोप दर उन्हाळ्यात नव्याने करावा लागतो.