पत्रिकेतली वेळ आणि डेटाबेसमधली वेळ

१९४३ साली पुण्यात जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना जाणता ज्योतिषी नोंदलेल्या वेळेतून आधी एक तास वजा करतो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, महायुद्धापायी भारतीय प्रमाण वेळ तासभर पुढे ढकललेली होती. मग स्थानिक वेळेसाठी आणखी सुमारे ३५ मिनिटं जातात, कारण प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि पुणं ७४ च्याही जरा अलीकडे. पत्रिकेवर माझा विश्वास नाही. पण घड्याळातली वेळ, गाव आणि त्या काळचा नियम वेगवेगळे धरायची ही शिस्त आम्हा डेटाबेसवाल्यांना फार उशिरा लागली.

युनिक्स या संगणकप्रणालीने १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायचं ठरवलं आणि साठवणीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. त्या सेकंदांवरून गावोगावची वेळ काढायला मात्र सरकारांचे निर्णय ठाऊक हवेत. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ते गोळा करायला घेतले. आज जवळपास प्रत्येक सर्व्हर आणि फोन त्याच संग्रहावर चालतो. त्यात अख्ख्या भारताला एकच नोंद: 'एशिया/कोलकाता'. तिच्या लेखी, युद्धकाळ सोडला तर, १९०६ पासून भारत यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. मुंबईने मात्र ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. मुंबईचे जुने कागद डेटाबेसमध्ये चढवणाऱ्याला ही नोंद सरळ चकवते.

त्या नोंदीत १९४५ नंतर आपली घड्याळं हललेली नाहीत, म्हणून हिंजवडीत '+५:३०' लिहिलं की टाइमझोन झाला असं वाटतं. पण अमेरिकेने २००७ मध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे तासभर पुढे केलेली घड्याळं, सुमारे तीन आठवडे आधी सुरू केली. न्यूयॉर्कची मार्चमधली सकाळी नऊची मीटिंग जुन्या नियमाने यूटीसीत बदलून ठेवली असेल, तर पुण्यातला माणूस साडेसातला फोन लावणार आणि तिकडे दहा वाजलेले.

घडून गेलेल्या गोष्टीला यूटीसी पुरतं. पुढच्या भेटीसाठी तिथली वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही साठवावं लागतं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' या प्रकारावर इथे विसंबू नये: नाव काहीही असो, तो झोन ठेवतच नाही, वेळ यूटीसीत बदलतो आणि झोन टाकून देतो. गावासाठी वेगळा कॉलम आपणच ठेवायचा.